व्हिफ ‘अनावश्यक’ ठरवण्याआधी पेशीचं नाव पुन्हा वाचा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी एमएस्सीची मुलं सेमिनारच्या तयारीला येतात. परवा एकीच्या स्लाइडवर विषाणूच्या वाढीच्या दोन रेषा होत्या. एक साध्या एचआयव्हीची, दुसरी त्याचं व्हिफ हे ‘सहाय्यक’ म्हणवलं जाणारं जनुक मोडलेल्या विषाणूची. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. खाली निष्कर्ष: ‘वाढीसाठी व्हिफ लागत नाही.’

मी मूळ आकृती उघडायला लावली. तिथे पेशी होत्या सीईएम-एसएस, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी पेशींचा एक प्रकार. स्लाइडवर नुसतं सीईएम. शेवटची दोन अक्षरं गळली आणि अर्थच उलटा झाला.

सीईएम-एसएसमध्ये एपोबेक३जी हे विषाणूला रोखणारं, आणि व्हिफ ज्याचा काटा काढतो ते प्रथिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे व्हिफवाचून विषाणूचं काही अडत नाही. सीईएममध्ये आणि आपल्या रक्तातल्या सीडी४ टी पेशींत मात्र ते असतं, आणि तिथे व्हिफविना विषाणूचा टिकाव लागत नाही. या दोन जुळ्या पेशींतला फरक शोधतानाच २००२ साली ते प्रथिन हाती लागलं. ‘सहाय्यक जनुक’ या नावानं फसायला होतं, ते असं. व्हीपीयू या आणखी एका सहाय्यक जनुकाचंही तेच: नव्या कणांना पेशीला बांधून ठेवणारं टेदरिन हे प्रथिन नसलेल्या २९३टी पेशींत तो असला काय, नसला काय, सारखंच.

दुसरी चूक जास्त चकवते. व्हिफ नसला तरी पहिल्या पेशीतून कण नेहमीसारखे बाहेर पडतात, पी२४ चा (कणांच्या कवचातल्या प्रथिनाचा, म्हणजे कण किती याचा) आकडाही ठीक येतो. एपोबेक मात्र त्या कणांत बसून पुढच्या पेशीत पोचतं आणि आरएनएवरून डीएनए बनत असताना सायटोसिनचं युरॅसिल करून टाकतं. तेव्हा ते कण ताज्या पेशींना लावून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

मॅक्रोफेज या भक्षक पेशींबद्दल वाचताना एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ यांची सरमिसळ होते. तिथे विषाणूला रोखणाऱ्या सॅमएचडी१ या प्रथिनाला नष्ट करणारा व्हीपीएक्स या दोघांपैकी फक्त एचआयव्ही-२ कडे आहे.

नेफ या सहाय्यक जनुकाचा परिणाम दिसत नसेल तर कणांचं आवरण कुठलं ते बघा. व्हीएसव्ही-जीचं (दुसऱ्याच एका विषाणूचं) आवरण चढवलेल्या कणांवर सेरिंक५ चा, म्हणजे नेफ ज्याला आवरतो त्या प्रथिनाचा, जोर चालत नाही, मग नेफ असून-नसून फरक दिसणार कसा?

आणि जनुक मोडताना ते अख्खं कापू नका. व्हिफची सुरुवात पोल या शेजारच्या जनुकाच्या शेपटीवर, व्हीपीयूची शेपटी एन्व्ह या जनुकावर चढलेली असते. शेजाऱ्याचं प्रथिन न बदलता मध्ये स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी तीन अक्षरं) घालता येतो का, ते आधी कागदावर तिन्ही रीडिंग फ्रेम (अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचायच्या तीन रीती) मांडून तपासा.