पिढीजात श्रीमंतांचा खर्च कसा समजून घ्यावा : युरोपात कामासाठी जाणाऱ्यांसाठी

हॅम्बुर्ग, झ्युरिक किंवा स्टॉकहोममध्ये एखाद्या जुन्या श्रीमंत घराण्याशी कामाचा संबंध आला, तर सर्वप्रथम कपड्यांवरून माणूस जोखण्याची सवय सोडावी. कोपरे झिजलेला कोट आणि दहा वर्षे जुनी गाडी ही तिथे गरिबीची खूण असेलच असे नाही. आयकियाचे संस्थापक इंग्वार काम्प्राड अब्जाधीश असूनही जुनी व्होल्व्हो चालवत आणि विमानात साध्या वर्गाने प्रवास करत.

पाहायचेच असेल तर बूट पाहावेत. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथे वेल्ट पद्धतीने, म्हणजे तळ आणि वरचे कातडे मधल्या पट्टीने जोडून, शिवलेल्या बुटांचा तळ झिजला की तो उसवून नवा बसवता येतो, आणि वरचे कातडे नीट राखले तर तोच जोड वर्षानुवर्षे वापरात राहतो. बार्बर या ब्रिटिश कंपनीच्या मेणकापडी जॅकेटला पुन्हा मेण लावून मिळते. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या ठिगळ लावलेल्या कोटाची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत. या खर्चाची मेख खरेदीपेक्षा डागडुजीत आहे, म्हणून स्वतःसाठी वस्तू घेताना किंमत वापराच्या वर्षांनी भागून पाहावी : तीनशे युरोंचा जोड दुरुस्तीच्या साठ युरोंसह बारा वर्षे टिकला तर वर्षाला तीस युरो पडतात, तर सत्तर युरोंचा जोड दोन वर्षांत टाकावा लागला तर पस्तीस. अर्थात, सुरुवातीला तीनशे युरो हाताशी असणे हीच श्रीमंतांची सोय आहे, हे विसरू नये.

त्यानंतर मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, ते समजून घ्यावे. स्वीडनच्या वॉलेनबर्ग घराण्याचे ब्रीद 'एसे, नॉन विदेरी', म्हणजे 'असावे, दिसू नये', असे आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या क्नूट व अलिस वॉलेनबर्ग प्रतिष्ठानासारख्या संस्थांमार्फत या घराण्याची उद्योगांवरची पकड टिकून आहे आणि संशोधनाला पैसाही मिळतो. जर्मनीत बॉश कंपनीचे सुमारे ९४ टक्के भांडवल रॉबर्ट बॉश प्रतिष्ठानाकडे आहे. या रचनेत दानत आहे, तशीच सत्ता हातची जाऊ न देण्याची दक्षताही आहे. म्हणून केवळ साधेपणाने भारावून जाऊ नये. औग्सबुर्गची फुगराई वस्ती मात्र पाहून यावी. श्रीमंत व्यापारी याकोब फुगर यांनी ती १५२१ साली गरजूंसाठी उभारली, आणि तिथले मूळ वार्षिक भाडे आजही एक युरोपेक्षा कमी असून रोज तीन प्रार्थना म्हणण्याची अट कायम आहे.

पगार किंवा घराची किंमत विचारू नये. नॉर्वेत करदात्यांचे उत्पन्न पाहता येते, परंतु २०१४पासून कोणी पाहिले हे त्या व्यक्तीला कळते; तेव्हा यजमानाची माहिती शोधण्यापूर्वी विचार करावा.

जेवणाचे आमंत्रण सातचे असेल तर सातलाच पोहोचावे. फार महागडी भेट नेल्यास यजमानाला संकोच होतो, त्यामुळे साधी फुले पुरतात. जर्मनीत ती देण्यापूर्वी कागद काढावा. लाल गुलाब प्रेमिकांसाठी राखून ठेवावेत, आणि पुढे बेल्जियम किंवा फ्रान्सला जायचे असल्यास शेवंती टाळावी, कारण तिथे ती थडग्यावर वाहतात.