कॅमेरा बाहेरून दिसेना, तेव्हा आयपीव्ही६ चालू केलं
गावी आई एकटी असते, म्हणून अंगणात कॅमेरा बसवला. घरच्या वायफायवर दिसायचा, पुण्यातून नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती राउटरमधून कॅमेऱ्याकडे वळवणं) करून थकलो. मग राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता नीट पाहिला: १००.७२ ने सुरू होणारा. म्हणजे सीजीनॅट! इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला, बाहेरून आत यायला वाटच नाही. आयपीव्ही४ ही इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे पत्ते जेमतेम ४३० कोटी; मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला.

राउटरमध्ये आयपीव्ही६ होतं, पण बंद. या नव्या पद्धतीत पत्ते इतके की कॅमेऱ्यालाही स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. चालू केलं, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारं अडवणारी राउटरची भिंत) त्याचं एकच पोर्ट, म्हणजे दार, उघडलं. (अख्खी फायरवॉल बंद करू नका, कृपया.) बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ लागतं; माझ्या मोबाइल डेटावर ते होतंच. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावणारी आई दिसली.