ऑफिसच्या कॉम्प्युटरवर परस्पर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होऊ नये म्हणून

विंडोज पहिल्यांदा सुरू करताना बनलेलं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (सगळे हक्क असलेलं, थोडक्यात ‘अ‍ॅडमिन’) असतं, आणि छोट्या ऑफिसांत कर्मचारी सहसा तेच वापरत राहतो. म्हणून आधी वेगळं अ‍ॅडमिन खातं बनवा, पासवर्ड घाला, त्यातून एकदा लॉगिन करून बघा. मगच कर्मचाऱ्याचं खातं सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्समध्ये जाऊन ‘स्टँडर्ड यूजर’ करा. सगळ्या मशीनना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड नको. एक फुटला की सगळीच उघडी.

दुसऱ्याच दिवशी तक्रार येते: अकाउंटिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही. ते प्रोग्रॅम फाइल्समधल्या आपल्याच फोल्डरमध्ये डेटा लिहितं आणि स्टँडर्ड यूजरला तिथे लिहिता येत नाही. अशा वेळी वैतागून अ‍ॅडमिन हक्क परत देऊ नका. डेटा डी ड्राइव्हवर हलवा आणि त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटीमध्ये त्या यूजरला ‘मॉडिफाय’ (बदल करण्याची परवानगी) द्या.

एवढ्याने काम भागत नाही. क्रोम, झूमसारखी सॉफ्टवेअर यूजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये बसतात. त्यांना अ‍ॅडमिन पासवर्ड लागतच नाही. त्यासाठी अ‍ॅपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजमधलीच सोय. विंडोज प्रोमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीजखाली तो सापडेल. होम आवृत्तीत ही खिडकीच नाही.

त्यात एक्झिक्युटेबल रूल्सवर (प्रोग्रॅम फाइल्ससाठीचे नियम) राइट-क्लिक करून ‘क्रिएट डिफॉल्ट रूल्स’ निवडा. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्समधलं सगळ्यांना चालेल, बाकीचं फक्त अ‍ॅडमिनला. पॅकेज्ड अ‍ॅप्सचे डिफॉल्ट रूल्सही लगेच बनवा, नाहीतर कॅल्क्युलेटरपासून स्टोअरची सगळी अ‍ॅप्स बंद पडतील. इन्स्टॉलरच्या डिफॉल्ट रूल्समधला, डिजिटल सही असलेली फाइल कुणालाही चालवू देणारा नियम मात्र काढून टाका. ‘अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सर्व्हिस सुरू नसेल तर नियम नुसते कागदावर राहतात.

सुरुवातीला ‘ऑडिट ओन्ली’ ठेवा (काही अडवत नाही, फक्त नोंद होते), किमान महिनाभर. जीएसटी रिटर्नची डिजिटल सहीची युटिलिटी २० तारखेच्या आसपासच उघडली जाते, आठवड्याच्या ऑडिटमध्ये ती सुटते. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅपलॉकर लॉगमध्ये ८००३ क्रमांकाच्या नोंदी पाहा: पुढे काय अडणार ते तिथे दिसतं. कामाच्या सॉफ्टवेअरला ‘पब्लिशर’ नियम द्या, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या डिजिटल सहीवर ओळखणारा. हॅश नियम (नेमक्या त्याच फाइलला ओळखणारा) दिला तर प्रत्येक अपडेटनंतर नव्याने करावा लागतो. मग ‘एन्फोर्स’ करा, म्हणजे नियम खरोखर लागू होतील, पण शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी नको.