भुरीला घरी नेताना

भुरी दहा महिन्यांची, गावठी कुत्री, स्वभावाने अगदी गरीब. कानाला खाच दिसेल. जखम नाही, नसबंदीची खूण आहे.

न्यायला सगळं घर या, पण अंगावर धावू नका. जमिनीवर बसा, वास घेत तीच जवळ येईल. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणा, घाबरली की मान मागे ओढून गळ्यातल्या पट्ट्यातून निसटते. पहिला आठवडा आंघोळ आणि पाहुणे नकोत. जेवण सध्याचंच: भात, उकडलेलं चिकन, भोपळा, मीठ नाही. कांदा, द्राक्षं, चॉकलेट तर विषच. रेबीजची लस झालीय, पुढची वर्षाने. सोसायटी कुरकुरली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. गच्चीत बांधून ठेवणाऱ्यांनी मात्र फोनही करू नये.