बीपी उभं करूनही घ्या

फार्म.डी. या औषधशास्त्राच्या पदवीच्या इंटर्नशिपला बडोद्यातल्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्ड मिळाला, तेव्हा बीपीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम मला तोंडपाठ होते. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज, रॅमिप्रिलने कोरडा खोकला, अटेनोलॉलने नाडी मंद. पण पेशंट आपणहून काही सांगत नाही. सूज वयामुळे आणि खोकला हवेमुळे, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

दांडिया बाजारातले एक आजोबा चक्कर येऊन पडले म्हणून दाखल झाले. चार्टवर बीपी १३८/८०. ठीक आहे म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले. ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "उभं करून घेतलंस का गं?" झोपून १३८ होतं, उभं राहिल्यावर तीन मिनिटांत ११२. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर पेशंट पडू शकतो.

मग आजोबांची गोळ्यांची पिशवी उघडली आणि तारखा लावल्या. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची १० झाली, पाय सुजले, सुजेसाठी लघवीची गोळी सुरू झाली. आता, ही सूज अंगात पाणी साठून येत नाही. बारीक धमन्या रुंदावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. पाणी आणि सोडियम मात्र जातं. आजोबांचं सोडियम १२८ होतं, म्हणजे कमी. मी तारखांचा कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी लघवीची गोळी थांबवली, अ‍ॅम्लोडिपिन परत ५ केली. गोळी बदलणं डॉक्टरांचंच काम, पण हा क्रम त्यांच्यासमोर मांडणं आपलं.

रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन (हीही बीपीची गोळी) नवीन असेल तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि पोटॅशियम बघायचं. सोबत स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पोटॅशियम अडवून धरणारी लघवीची गोळी, असेल तर पोटॅशियमवर जास्तच लक्ष. रॅमिप्रिलवर ओठ-जीभ सुजली तर वही मिटा आणि डॉक्टरांना बोलवा.

नोंदीसाठी नरांजोचे १० प्रश्न (त्रास औषधामुळेच झाला का, हे तपासणारे) विचारा, पण दुष्परिणाम कळवायचा फॉर्म भरायला खात्री लागत नाही, संशय पुरतो. फॉर्म जवळच्या एडीआर (औषधांचे दुष्परिणाम) केंद्रात द्यायचा, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

आणि गुजराती पेशंटला त्याच्याच भाषेत विचारा: "पगे सोजा छे? ऊभा थाओ त्यारे चक्कर आवे छे?" मान डोलावली तरी उभं करून बीपी घ्याच, एक हात त्याच्या पाठीशी धरून.