मुलांच्या भेटीला देखरेखीला बसताना: साथीच्या दिवसांतले धडे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे त्या शनिवारच्या तीन भेटी ठरलेल्या होत्या. कोर्टातली मुलांची खोली बंद, बागा बंद, मॉल बंद. मी पुण्यात एका छोट्या संस्थेतर्फे या भेटींना बसते. आम्ही त्याला सरळ ‘अॅक्सेस’ म्हणतो. डीव्हीची, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराची, केस चालू असते, मूल आईकडे असतं आणि कोर्टाने वडिलांना तिसऱ्या माणसासमोर भेट दिलेली असते. तो तिसरा माणूस मी. पुन्हा कधी साथ आली आणि हे काम तुमच्याकडे आलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आधी आदेश स्वतः वाचा. वकिलांनी फोनवर सांगितलेला नाही, कागदावरचा. भेट कोणाला, किती वेळ, कुठे. आदेशात फक्त वडील असतील तर ‘आजीला एकदा बघू दे ना’ याला नाही म्हणायचं, आजी कितीही गोड असली तरी. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम २१ प्रमाणे भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती नाकारायचीच असते. म्हणून भेटीचा आदेशच नसेल तर माणुसकी म्हणून परस्पर भेट जुळवू नका. कलम १८ चा संरक्षण आदेश असेल तर बाईंशी संपर्कालाही मनाई असू शकते. मग कॉलवर ‘आवाज येतोय का गं?’ हेही वडिलांनी आईला विचारायचं नाही. ते तुम्ही विचारा.

३० एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की टाळेबंदीत प्रत्यक्ष भेटीऐवजी व्हिडिओ कॉलसारख्या मार्गाने संपर्क ठेवता येईल. आम्हाला हायसं वाटलं. खरी गंमत नंतर कळली. कोर्टातली खोली कोणाचीच नसते, पण व्हिडिओ कॉलमध्ये वडील थेट आईच्या लपलेल्या घरात येऊन बसतात.

एक सहा वर्षांचा मुलगा होता. आई माहेरीही नव्हती, मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती. कॉल छान चाललेला, तो चित्रातला ट्रॅक्टर दाखवत होता. वडील म्हणाले, ‘अरे वा! आणि खिडकीतून काय दिसतं तुला? दाखव बघू.’ पोरगं फोन घेऊन उठलंच. मी म्हटलं, ‘थांब रे, आधी ट्रॅक्टरची चाकं मोज, किती आहेत?’ तो बसला. पण त्याच्या मागे भिंतीवर एका पतसंस्थेचं कॅलेंडर लटकत होतं, खाली ठळक अक्षरांत शाखा आणि गाव. ते मला पंधराव्या मिनिटाला दिसलं.

तेव्हापासून भेटीच्या आदल्या दिवशी मी आईबरोबर पाच मिनिटांचा रिकामा कॉल करते. मूल बसेल तिथेच फोन ठेवायला सांगते आणि भिंत बघते: कॅलेंडर, शाळेचा टाय, लाइटबिल, दुकानाची पिशवी. मागे साधी चादर टांगली की काम होतं. खिडकी बंद. आवाजाचंही बघा. जवळ एसटी स्टँड असेल तर गाड्यांची घोषणा पत्ता सांगून मोकळी होते. मुलाला मात्र ‘बाबांना सांगू नकोस’ असं शिकवायला लावू नका. ते ओझं त्याचं नाही. फोन कुठे ठेवायचा हे मोठ्यांनी बघावं.

कॉल व्हॉट्सअॅपवर नको, त्यात नंबर जातो. झूम किंवा मीटवर तुमच्या खात्यातून लिंक काढा, तीच दोघांना स्वतंत्रपणे पाठवा, पडद्यावर मुलाचं फक्त नाव, वेटिंग रूम चालू, म्हणजे तुम्ही आत घेतल्याशिवाय कोणी येत नाही. आणि दर वेळी नवी लिंक. हे मी चुकून शिकले. एकदा कंटाळा करून मागच्याच आठवड्याची लिंक ठेवली, वेटिंग रूमही राहून गेली. माझं नेट गेलं, परत येईपर्यंत आठ मिनिटं वडील आणि मुलाची आई समोरासमोर होते. त्या बाई नंतर मला काहीच बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वेळ मुलाच्या वयावर. तीन वर्षांचं मूल दहा मिनिटांवर टिकत नाही, ‘बोल ना बाळा’ म्हणून त्याला घुसमटवण्यात अर्थ नाही. वडिलांना आधीच सांगा: गोष्टीचं पुस्तक आणा, भेंड्या खेळा. पोटगीचे, केसचे निरोप तुमच्यामार्फत नाहीत. एकदा सूचना, दुसऱ्यांदा कॉल बंद. वडील गेल्यावर तुम्ही मुलाबरोबर पाच मिनिटं थांबा.

घरात एकच फोन आणि त्यावरच मोठ्या भावाची ऑनलाइन शाळा, असं बऱ्याच घरांत होतं. आमच्या संस्थेला मदत करायची असेल तर काय द्यावं असं लोक विचारायचे. जुना चालू फोन आणि महिन्याचा रिचार्ज द्या, खरंच.

प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्या तेव्हा आम्ही एका शाळेचा व्हरांडा मागून घेतला, चारी बाजूंनी मोकळा. वडिलांनी पंधरा मिनिटं आधी यायचं आणि आई-मूल गेल्यावर पंधरा मिनिटांनी निघायचं. हा नियम साथीच्या आधीपासूनचा, पण मास्कमुळे गेटवर माणूस ओळखू येत नाही, तेव्हा गेटवर आपला माणूस हवाच. आईला रिक्षाचे पैसे द्या, बसस्टॉपवर उभं राहायला लावू नका. खेळणी सॅनिटाइझ करायला म्हणून आम्ही पिशव्या आधी आमच्याकडे घ्यायचो. त्यात एकदा मुलांचं स्मार्टवॉच निघालं, सिमकार्ड घातलेलं, लोकेशन चालू. सॅनिटायझरचे उपकार!

तापाचा नियम दोघांना सारखा आणि लेखी असू द्या: कोणत्याही घरी ताप, तर त्या आठवड्याची भेट व्हिडिओवर. नाहीतर एका बाजूला ‘कोविड’ हा हुकमी एक्का होतो आणि दुसरीकडे खरं आजारपणही बहाणा ठरतं. २०२० मध्ये २ सप्टेंबरपर्यंत जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. पास न मिळालेल्या बापाला आम्ही गैरहजर लिहिलं नाही, ‘पास नाही, व्हिडिओ भेट २० मिनिटं’ असं लिहिलं.

भेटीच्या नोंदवहीत जे दिसलं, ऐकलं तेवढंच लिहा. ‘वडील चिडले’ नको. ‘११.२० ला वडिलांनी विचारलं, तुझ्या आईला कोण भेटायला येतं. मी थांबवलं. मुलगा गप्प झाला, चार मिनिटं बोलला नाही.’ ही वही कधीही कोर्टात मागवली जाऊ शकते. आणि वहीत आईचा पत्ता लिहू नका, मी पहिल्या पानावर लिहिला होता.