हप्त्याच्या आधी सुरू होतं ते व्याज

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा शैक्षणिक कर्ज म्हणजे नोकरी लागल्यावर फेडायचे पैसे, एवढंच मला ठाऊक होतं. देवगड तालुक्यातलं आमचं घर, हापूसची मोजकी कलमं, आणि सातबाऱ्यावर काका-आत्यांसकट अकरा नावं. तारण मागितलं असतं तर सगळं तिथेच अडलं असतं. पण साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, म्हणून सहा लाख मिळाले. सहकर्जदार बाबा.

शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नव्हता. व्याज मात्र पहिली फी कॉलेजात जमा झाली त्या दिवसापासून चालू होतं. दरवर्षी दीड लाख, १० टक्के सरळव्याज. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५,०००, मग ६०,०००, ४५,००० आणि ३०,०००. एकूण २,१०,०००. ते मुद्दलात मिळवले गेले आणि दहा वर्षांसाठी महिना १०,७०० रुपयांचा हप्ता बसला. व्याज तेव्हाच भरत गेलो असतो तर हाच हप्ता ७,९०० च्या आसपास आला असता. पहिल्या वर्षी ते व्याज महिना फक्त १,२५० रुपये होतं, हे मला आजही सलतं.

पुण्यात पहिला पगार १८,०००. खोलीभाडं आणि मेस भागवून तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला, चौथ्यातही. पत्र गेलं गावच्या पत्त्यावर. आईचा फोन आला, "बँकेचो कागद इलो हा रे." डिसेंबर होता. मोहोरावरच्या फवारणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून बाबांनी दोन्ही हप्ते भरले, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. सहकर्जदार म्हणून थकबाकीची नोंद त्यांच्याही सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाला, लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती उत्पन्नाच्या दाखल्याची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना आहे. हप्ता नसलेल्या काळातलं व्याज सरकार भरतं. कॉलेज किंवा अभ्यासक्रम मूल्यांकन झालेला हवा, एवढं आधी तपासा. आम्ही त्यात बसत होतो. शाखेत कुणी विषय काढला नाही आणि मी विचारलं नाही.

आपल्याकडे कर्जाचं बोलणं घरात दबक्या आवाजात होतं. तसं करू नका. सहीच्या आधी आई-बाबांसमोर वही घेऊन बसा आणि पाच वर्षांनंतरचा आकडा त्यांना दाखवा. नोकरी लागल्यावर हप्ता झेपणार नाही असं दिसलं, तर तो चुकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. फेड पंधरा वर्षांपर्यंत नेता येते.

यंदा चुलतबहिणीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. तिच्यासोबत तहसील कार्यालयात दोन खेपा घातल्या, उत्पन्नाचा दाखला काढला, तो बँकेत दिला आणि पोच घेतली. अनुदानाचा दावा पाठवला का, हे विचारायला ती दरवर्षी त्याच पोचेसह शाखेत जाणार आहे.